नाव घालायची मशीन

दिंद्रुड, ३ एप्रिल

प्रणिता,

आधी शरणार्थ, मग आशीर्वाद. आशीर्वाद आत्ता नको असेल तर पाकिटातच राहू दे, तो काही नासत न्हाई.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं ते अक्षर, दुकानातल्या ताट-वाट्यांवरची नावं वाचून वाचून शिकलेलं. बसवेश म्हणायचा, आईची अक्षरं कागदावरसुद्धा ठिपक्याठिपक्यांची पडतात.

एकच विचारायचं आहे. तू बीडला गेलीस तेव्हा त्याला बरोबर नेलंस का?

चिडू नको. तू गेल्यापासून दुपारची मशीन वाजायची बंद झाली. जेवणं आटोपतात, दुकानाचं शटर अर्धं खाली येतं, लाईट जाते, पंखा थांबतो. मी कान देऊन बसते. उन्हात पत्रा तडतडतो, बाकी काही न्हाई. घर असं गप्प, जसं कुणी तोंडावर हात ठेवलाय.

त्याची मशीन तूही पाहिली होतीस. जाड पेनाएवढी, वायर बोर्डात खोचली की घूंऽऽ करायची, आणि स्टीलवर बारीक ठिपके टोचत नाव उमटवायची. लग्नसराईत दुपारी मागच्या खोलीत बसून तो हंडे-तांब्यांवर नावं घालायचा, आणि प्रत्येक नावाच्या शेवटी तीन ठिपक्यांचं बेलपान. गिऱ्हाइकानं सांगितलेलं नसायचं, पण त्याची तशी सवय होती. तेलगावच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉलीनं त्याला नेलं आणि आपण त्याला लिंगायत रीतीनं शेतात माती दिली. खड्ड्यात तो मांडी घालून बसलेला, हातात इष्टलिंग, कपाळाला विभूती. मी ती मशीन त्याच्या गुडघ्याशी ठेवायला लावली. विधी करणारे स्वामी म्हणाले, "माय, हे काय आणलंत?" मी म्हणाले, "त्याचं हत्यार हाय. असू द्या."

म्हणून दिवाळीनंतर तुझ्या खोलीतून दुपारी तो आवाज यायला लागला तेव्हा मला दुसरं काय वाटणार? लाईट गेलेली असायची, आणि आवाज मात्र यायचा. अगदी दबका. दुकानात रचलेल्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणतायत, तांब्यातल्या पाण्यावर वळ्या उठतायत, असं मला दिसायचं. तुझ्या सासऱ्यांना म्हणाले, "अहो, लाईट न्हाई आन् मशीन कशी चालतीय?" ते म्हणाले, "देवळात घंटा कमी बडवत जा, कान वाजायला लागलेत तुझे."

मी तुझ्या दाराला कान लावला होता. आवाज थांबायचा, तुझा एक मोठा श्वास यायचा, मग पुन्हा सगळं शांत. माझ्या काळजात काय झालं ते सांगते. भीती वाटली न्हाई गं. जळले मी. नऊ महिने पोटात मी वाढवला, आणि मेल्यावर येतो तो बायकोच्या खोलीत!

सारजाबाईनं तो देवऋषी आणला, हे खरं. पण शेजारणीला दार मीच उघडलं. अंगणात तुझे केस मोकळे सोडून त्यानं विचारलं, "कोण येतं गं तुझ्याकडं दुपारचं?" तू माझ्याकडं पाहिलंस. तेव्हा सासू म्हणून मी मध्ये पडायला पाहिजे होतं. मी काय म्हणाले? "त्याला म्हणावं, एकदा आईकडंबी ये."

तू त्याच दिवशी बॅग भरलीस.

आठ-पंधरा दिवसांसाठी ये. बोलू नको माझ्याशी. नुसती दुपारी तुझ्या खोलीत बस. तो येईल.

तुझी आत्याबाई,
शिवगंगा


दिंद्रुड, १९ एप्रिल

प्रणिता,

उत्तर आलं न्हाई. येऊ नये असंच पत्र होतं ते, मलाही मागाहून वाटलं.

उन्हाळी साफसफाई काढली. तुझी गादी उन्हात टाकायला उचलली तर पलंगाच्या फळीखाली खणाच्या पिशवीत एक वस्तू सापडली. जांभळी, वांग्याएवढी, एका बाजूला बटण. बटण दाबलं.

घूंऽऽ.

हातातून पडली माझ्या. फरशीवर पडून ती आपली फिरतेय गोल गोल, आणि मी भिंतीला टेकून "ॐ नमः शिवाय" म्हणतेय. तुझे सासरे धावत आले. त्यांनी चपलेनं दाबली, बटण सापडलं, बंद केली. उलटी-पालटी करून म्हणाले, "डास मारायचं दिसतंय."

मी म्हणाले, "चेहऱ्याला मालिश करायचं आसंल. शहरातल्या पोरी करतात."

"मग पलंगाखाली कावून ठिवलंय?"

"तुमच्या चपलेपासून लपवायला."

ते गेल्यावर मी ती गुडघ्याला लावून पाहिली, तुला हसू येईल. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तिचा रबरासारखा वास हाताला लागला तो राखेनंही जाईना. अंग चिकट, आणि बुडाशी सांधा उकललेला.

म्हणजे आवाज ह्याचा होता. मशीन न्हाई, बसवेश न्हाई. मी मांडी घालून तिथंच बसले गादीच्या धुळीत. पोरगा दुसऱ्यांदा गेला माझा.

ही वस्तू काय आहे ते मला कळलेलं न्हाई. अंबाजोगाईला धनश्रीकडं जाणार आहे, माझी भाची ती, नर्स आहे, तिला विचारीन. तुझी वस्तू जपून ठेवली आहे. एकदाच चालू केली, पुन्हा न्हाई.

शिवगंगा


अंबाजोगाई, ६ मे

प्रणिता,

तुझं कार्ड मिळालं. दीड ओळीचं. "आत्याबाई, ते भूत नव्हतं. ते त्यांनीच मागवलं होतं, आम्हा दोघांसाठी. टाकून द्या." पोस्टमननं वाचलं असेल तर वाचो बिचारा, त्याला काय कळणार.

मी धनश्रीच्या क्वार्टरमध्ये बसून लिहितेय. तिला ती वस्तू दाखवली तेव्हा ती कांदा चिरत होती. पाहिलं आणि सुरी खाली ठेवून हसत सुटली. मी म्हणाले, "हसू नको गं, गुडघ्याला लावली हाय मी."

"मावशी, गुडघ्याला लाव न्हाईतर पाठीला, पाप न्हाई लागत. पण ही बाईच्या शरीरसुखाची वस्तू हाय."

मला उलगडायला वेळ लागला. उलगडलं तेव्हा पहिल्यांदा तोंडावर पदर घेतला. मग माझं लग्न आठवलं, तुझ्या सासऱ्यांची चप्पल आठवली, आणि पदर काढला. भूक लागली तर माणूस जेवतं. तू तर पस्तिशीही गाठली न्हाईस. आम्ही तुझं ताट काढून घेतलं, आणि तुला दारामागं जेवावं लागलं. त्याला आम्ही भूत म्हणालो.

पण त्यानं मागवलेली असली तरी वस्तू वाईट निघाली, हे तुला कळायला पाहिजे. धनश्री म्हणाली, "मावशी, तू भांड्याची दुकानदारीण, तुला सांगायला सोपं. प्लॅस्टिकच्या डब्यात लोणचं ठेवलं की घासूनसुद्धा वास, रंग जातो का?"

"न्हाई."

"स्टीलचा?"

"धुतला की जातो."

"तसंच हाय हे. ह्या मऊ, चिकट, वासाच्या मालाला बारीक बारीक भोकं असतात. धुतलं तरी आत घाण राहते, जंतू वाढतात, आग होते, पू होतो. अंगाला लावायची वस्तू चांगल्या सिलिकॉनची पाहिजे, न्हाईतर गुळगुळीत काच, न्हाईतर स्टील."

"स्टीलचीबी असती?" मी म्हणाले. "मग आमच्या दुकानात..."

"मावशी, गप."

लई हसलो आम्ही. ती वेगवेगळ्या तऱ्हा सांगत होती. एखादी वरूनच टेकवायची, बारीक, बोटाएवढी. एखादी आत घ्यायची. जिला पहिल्यांदा घ्यायची तिनं लहान आणि हळू चालणारी घ्यावी, मोठीचा सोस करू नये. मागच्या वाटेची असेल तर बुडाला रुंद पसरट तळ पाहिजेच पाहिजे, न्हाईतर वर सरकते आणि मग दवाखान्यातच निघते. धनश्री हसत नव्हती हे सांगताना. म्हणाली, लाजेपायी लोक दोन-दोन दिवस दुखणं काढतात, आणि मग येतात तेव्हा आतडं फाटायला आलेलं असतं. अशानं दुखलं, रक्त आलं, काही अडकलं, तर डॉक्टरला सरळ सांगावं. त्यांना त्यात नवल वाटत न्हाई.

खोबरेल लावत असशील तर लावू नको. निरोधाला तेल लागलं की तो फाटतो. पाण्यात विरघळणारी जेली औषधाच्या दुकानात मिळते, ती सगळ्याला चालते. सिलिकॉनची जेली सिलिकॉनच्या वस्तूला लावू नये, वस्तूचा वरचा थर खाते ती. आणि मागं लावलेली वस्तू न धुता पुढं आणायची न्हाई. दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घेत असशील तर दर वेळी नवा निरोध चढवायचा.

"दुसऱ्या कुणाबरोबर" हे मी पहिल्यांदा खोडलं होतं. वर पाहा, खाडाखोड दिसेल. मग पुन्हा लिहिलं.

आता जे लपवलं ते. एकदाच चालू केली म्हणाले होते. खोटं होतं. ती वस्तू काय हे कळायच्या आधीपासून मी ती रोज दुपारी मागच्या खोलीत, त्याच्या टेबलावर, एका ताटलीत ठेवून चालू करायची. ताटली थरथरायची, आणि डोळे मिटले की तो नावं घालत बसलेला असायचा. चार्ज उतरला की तुझ्या सासऱ्यांच्या फोनची वायर खुपसायची. तुझं कार्ड आल्यावरही करत होते. मग तर जास्तच. त्यानंच आणलेला आवाज होता ना तो.

धनश्रीनं वस्तू हातात घेतली आणि हात झटकला. सकाळी इथंही वायर लावली होती मी; तापलेली होती, पोट फुगलेलं. "मावशी, आत बॅटरी हाय. भलतीच वायर लावायची न्हाई, लावून झोपायचं न्हाई, फुगली की हात लावायचा न्हाई. पेटली असती दुकानाच्या मागं. चुलीत टाकू नको, मातीत पुरू नको. हिकडं दे." जुन्या बॅटऱ्या घेतात तिथं देऊन आली ती.

म्हणजे आता घरात काहीच न्हाई. कालची दुपार मी इथं काढली. लाईट होती, पंखा जोरात होता. तरी माझ्या उजव्या तळहाताला सारख्या मुंग्या. धनश्री म्हणते, थरथरणारी चीज लई वेळ एकाच जागी धरली की तिथलं अंग बधिर होतं, थोडं थांबलं की परत येतं. मी म्हणाले, मी हातात धरतच नव्हते, ताटलीत ठेवायची.

तिनं माझा तळहात उलटून पाहिला.

तुला ये म्हणणार न्हाई. पण प्रणिता, तू गेलीस, वस्तूही गेली, आता मी कुणाला ऐकू?

शिवगंगा


दिंद्रुड, २७ मे

प्रणिता,

ह्या पत्राबरोबर पार्सल आहे. दाराला कडी लावून उघड.

धनश्री आणि मी तिच्या फोनवर बसून निवडली. दुकानदार मी जन्माची, माल पाहिल्याशिवाय घेत न्हाई. ज्याच्यावर कशाची बनवली ते लिहिलेलं नव्हतं ती बाजूला, ज्या दुकानदाराचा पत्ता न्हाई तो बाजूला. स्वस्त म्हणून घेतली न्हाई आणि चमकते म्हणूनही घेतली न्हाई. शेवटी ही. सगळ्या अंगानं एकजीव, कुठं सांधा न्हाई, वास न्हाई, आधी हळू चालते मग वाढवता येते. पाणी लागलेलं चालतं, पण उकळायची न्हाई, आत मोटार आहे. कोमट पाणी आणि साधा साबण, आधीही आणि नंतरही, मग कोरडी पुसून ठेव. वायर तिचीच डब्यात आहे, दुसरी लावू नको. बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून दोन बटणं एकदम धरून कुलूप लावतात, तसं लावलंय. चार्ज केलेली न्हाई.

धनश्री म्हणाली, सुती पिशवी बास. पण भांड्याच्या दुकानातून पोरीला काही पाठवायचं आणि डबा नको? आपल्या दुकानातला झाकणाचा गोल डबा घेतला, कोरा. त्यावर काही घातलेलं नव्हतं. घालणार कोण.

आता झालं ते सांगते, जसं झालं तसं. मी काही जोडत न्हाई.

शनिवारी दुपारी कोरा डबा मी त्याच्या टेबलावर ठेवला. नवी वस्तू अजून खोक्यात, तिचं सील तोडलेलं नव्हतं, ते खोकं दुकानात गल्ल्याखाली. तुझे सासरे गल्ल्यावरच बसून डुलक्या देत होते. लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. मी स्वयंपाकघरात माठातलं पाणी ओतून घेत होते.

तांब्यातल्या पाण्यावर वळी उठली.

मग ताटल्या. आधी वरच्या मांडणीवरच्या, मग खालच्या, मग सगळ्या. बारीक किणकिण, जशी जनावरांच्या गळ्यातली घंटी लांब जाताना वाजते. आणि मागच्या खोलीतून घूंऽऽ. त्या जांभळ्या वस्तूचा न्हाई. तो आवाज जाडसर, अंगात शिरणारा होता. हा बारीक, स्टीलवर दात घासल्यासारखा. इतकी वर्षं ऐकलाय मी, तो ओळखायला मला देवऋषी नको.

तुझे सासरे दारात येऊन उभे राहिले. कान वाजतात म्हणणारा माणूस. तोंड पांढरं. म्हणाले, "शिवगंगे, लाईट न्हाई."

"ठावं हाय," मी म्हणाले.

"जाऊ नको आत."

मी गेले न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा गेले न्हाई. मागच्या खोलीच्या दाराबाहेर उभी राहिले, कान लावला न्हाई, कडीला हात लावला न्हाई. इतके दिवस म्हणत होते, एकदा आईकडं ये, आता आला होता तर तोंडातून निघालं ते दुसरंच. म्हणाले, "बसवेशा, ती यायची न्हाई आता. मीच बोलवत होते तिला, तुझ्यासाठी न्हाई, माझ्यासाठी. तुझं काम आवर आन् जा बाळा."

आवाज लगेच थांबला न्हाई. थोडा वेळ चालला, कुणी हातातलं अक्षर पुरं करतं तेवढा. मग थांबला. लाईट तरीही आली न्हाई. आम्ही दोघं म्हातारी उंबऱ्यात उभी, एकमेकांचा हात धरून. लग्नातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता त्यांनी.

मग दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. खिडकी आतून बंद. टेबलावर डबा, आणि झाकणावर स्टीलची बारीक पूड, हात लावला तर कोमट.

नाव घातलेलं होतं.

तू म्हणशील आत्याबाईनंच घातलं. धनश्रीही तेच म्हणेल, माझा तळहात पाहिलाय तिनं. पोरी, मशीन तर त्याच्या गुडघ्याशी मातीत आहे. काल शेतात जाऊन पाहिलं. माती जशीच्या तशी, वर गवत. मी पाणी घातलं आणि घरी आले. हाताच्या मुंग्या त्या दिवसापासून गेल्या.

किती नावं घातली त्यानं आयुष्यात, आणि बाईच्या भांड्यावर नुसतं तिचं नाव कधी घातलं न्हाई. गिऱ्हाईक घालूच द्यायचं न्हाई. आधी सौ., मग नवऱ्याचं, मग घराण्याचं. माझ्या स्वतःच्या हंड्यावर माझ्या नावापेक्षा तुझ्या सासऱ्यांचं नाव मोठं आहे.

तुझ्या डब्यावर सौ. न्हाई. त्याचं स्वतःचं नाव न्हाई, आमचं आडनाव न्हाई. झाकणावर मधोमध फक्त "प्रणिता" आहे, आणि शेवटी तीन ठिपके.

डब्याची धार नवी आहे, बोट कापेल, जपून उघड. वस्तू धुऊन, कोरडी करून मगच वापर. हे पत्र वाचून झालं की फाडलंस तरी चालेल, उत्तर न्हाई दिलंस तरी चालेल. इथं दुपारी आता गप्प असतं, आणि मी त्या वेळेला झोपते.

तुझी,
शिवगंगा